केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘वर्गातला भेदभाव’ कसा घ्यावा?

पाऊलवाट:
आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) पुढच्या शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या बैठकीत, वर्गात जातीवरून होणाऱ्या भेदभावाला दीड तास मिळालाय. २८ शिक्षक, सगळ्या जिल्हा परिषदेच्या शाळा. संविधानाची प्रास्ताविका वाचली, कलम १५ (भेदभावाला मनाई) आणि १७ (अस्पृश्यताबंदी) सांगितलं, फोटो काढला आणि चहा घेतला, असं करायचं नाही. ‘आमच्या शाळेत असलं काही नाहीच’ हे पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येणार. सत्र कसं आखू? मुलांकडून आधी निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात का?

खडूफळा:
सर, त्या वाक्याशी वाद घालू नका. अंगावर आरोप आला की शिक्षक स्वतःचा बचाव करत बसतो, वर्गाकडे बघायचं राहून जातं. ‘भेदभाव होतो का’ याऐवजी ‘कुठलं काम कोण करतं’ हे विचारा.

परिषदेच्या दोन आठवडे आधी प्रत्येक शाळेला कोरा तक्ता द्या. रकाने सहा: वर्ग झाडणं, पिण्याचं पाणी भरणं, परिपाठात पुढे उभं राहणं, खिचडी वाढणं, पाहुण्यांना पाणी नेणं, शौचालयात बादली टाकणं. ओळी दहा, म्हणजे शाळेचे दहा दिवस. रोज त्या-त्या मुलांची नावं लिहायची, एवढंच. जात लिहायची नाही, शिक्षकाला ती ठाऊक असतेच. (मुलांना शौचालयाचं काम लावणंच चूक आहे, पण रकाना ठेवा. नाहीतर ते काम कागदावर येतच नाही.)

सत्रात एकाच रकान्यात तीनपेक्षा जास्त वेळा आलेल्या नावाला गोल करायला सांगा. जी नावं तक्त्यात कुठेच नाहीत ती खाली लिहून घ्या. झाडणारी नावं वेगळी आणि वाढणारी वेगळी निघाली, की तुम्हाला फार बोलावं लागत नाही. कोणीतरी म्हणेल, ‘तो स्वतःहून झाडू घेतो.’ मग विचारा, बाकीच्यांपैकी कोणी स्वतःहून का घेत नाही?

उपाय साधा आहे: हजेरी क्रमांकाने आठवड्याची पाळी, मुलगे-मुली दोघांना, भिंतीवर लावलेली. ती मोडते एकाच ठिकाणी. पाळीचं मूल गैरहजर असलं की शिक्षक नेहमीच्याच मुलाला हाक मारतो. म्हणून ‘गैरहजर असेल तर पुढचा क्रमांक’ हे पाळीपत्रकावरच लिहा.

तक्त्यांना ४० मिनिटं, प्रसंगांच्या सरावाला ३५. उरलेल्या १५ मिनिटांत प्रत्येक शाळेने सोमवारपासून काय बदलणार ते एका ओळीत लिहून द्यायचं. आणि एक कळकळीची विनंती: दलित किंवा आदिवासी शिक्षकाला ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून उभं करू नका.

निळीशाई:
कागदपत्रांचा भाग विसरू नका. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात ‘एससीच्या मुली उभ्या राहा’ म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला ते काम उरकणं वाटतं, पण त्या मुलीची ओळख वर्षभरासाठी ठरून जाते. हजेरी क्रमांक पुकारा, कागद ऑफिसात एकेकीकडून घ्या, जातीच्या दाखल्याबद्दल पालकांशीच बोला. याद्या फळ्यावर आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकोत. वर्गात न्यायच्या हजेरीवर प्रवर्गाच्या खुणा असतील तर त्याही काढा. जनरल रजिस्टरात (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) नोंद आहे, तेवढी पुरे.

रानजाई:
सरावासाठी दोन प्रसंग पुरेत, पण ते मोठ्याने बोलून घ्या. नुसती चर्चा झाली तर ऐनवेळी तोंडातून जुनंच वाक्य निघतं.

पहिला. खिचडीच्या पंगतीत एक मुलगी ताट उचलून सरकते, ‘हिच्याशेजारी नाही बसणार, घरी रागावतात.’ बहुतेक शिक्षक ‘असं बोलू नये बाळा’ म्हणतात आणि तिला दुसरीकडे बसवतात. म्हणजे तिचं म्हणणं मान्यच केलं. म्हणायचं असं: ‘पंगत क्रमांकाने बसते. तुझी जागा हीच.’ आवाज न चढवता. जिचा अपमान झाला तिच्यासमोर जातीवर व्याख्यान नको आणि दोघींचे हात मिळवणंही नको. सुट्टीत आधी तिच्याशी बोला, मग दुसरीशी. तारीख, नेमके शब्द, हजर कोण आणि काय केलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा.

दुसरा. वर्गात पेन हरवतं आणि पहिलं दप्तर पारध्याच्या पोराचं उघडलं जातं. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण दप्तर अजून त्याचंच उघडतं. नियम एकच ठेवा: कोणाचंच दप्तर तपासायचं नाही. ‘सापडलं तर मधल्या सुट्टीपर्यंत टेबलावरच्या डब्यात टाका’ म्हणायचं आणि शिकवायला लागायचं.

कायदा शेवटी पाच मिनिटं सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, आणि कलम १७ मारण्याइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं. प्रकरण अस्पृश्यतेचं असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेत. तिथे मुख्याध्यापकांनी गावकऱ्यांसमोर ‘मिटवून’ टाकणं म्हणजे त्या घरावर दबाव आणणंच.

पाऊलवाट:
खूप उपयोगी. तक्ता आजच पाठवतो. चिठ्ठ्यांचं राहिलं.

खडूफळा:
चिठ्ठ्या नकोत. ४० पटाच्या शाळेत गुरुजींना प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं. त्याऐवजी शाळेचा साधा नकाशा काढून झेरॉक्स द्या. आवडते ती जागा हिरवी, नकोशी वाटते ती लाल. नाव लिहायचं नाही, सगळ्यांनी एकाच वेळी रंगवायचं आणि कागद दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने गोळा करायचे. नंतर ‘लाल कोणी केलं’ असं वर्गात कधीही विचारू नका. पाण्याची टाकी लाल दिसली तर मधल्या सुट्टीत आठवडाभर तिथे उभं राहा आणि ओगराळं कोणाच्या हातात असतं ते बघा.