मदत हवी आहे: सही न्यू जर्सीतून, नोकरी कॅलिफोर्नियात, करारात कायदा टेक्ससचा

नमस्कार मंडळी,

सॅन होजेला नोकरी मिळाली आहे. शुक्रवारपर्यंत करारावर ऑनलाइन सही करायची आहे आणि तीन दिवस मी त्या पिवळ्या बटणापाशी अडून बसले आहे. नवरा म्हणतो, "सगळेच करतात, कर." पण पुण्यात पहिल्या नोकरीच्या वेळी मी असंच न वाचता दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती. आई आजारी पडली, दहा महिन्यांत नोकरी सोडावी लागली. कंपनीने रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं आणि बाबांनी पीएफमधून पैसे काढून ते सोडवलं. ते मी विसरलेले नाही.

करार अकरा पानांचा. नवव्या पानावर नॉन-कम्पीट: नोकरी सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही. खाली दोन ओळी: कराराला टेक्ससचा कायदा लागू, खटला झाला तर ऑस्टिनमध्ये. कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. मी अजून एडिसनला राहते, म्हणजे सही न्यू जर्सीतून होणार.

आपल्याकडे १८७२ चा एकच करार कायदा, त्यामुळे राज्य बदललं की कराराचा अर्थही बदलतो हे डोक्यातच नव्हतं. वाचून एवढं कळलं की टेक्ससमध्ये मुदत, प्रदेश आणि कामाची मर्यादा वाजवी असेल तर नॉन-कम्पीट टिकू शकतो. कॅलिफोर्नियात बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या (व्यवसायांविषयीच्या कायद्याच्या) कलम १६६०० प्रमाणे तो रद्दबातल, आणि २०२४ च्या जानेवारीपासून तर सही कुठेही झालेली असो. देशभर बंदी आणणारा फेडरल (केंद्रीय) नियम त्याच वर्षी टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने रद्द केला, त्यामुळे त्याचा आधार नाही.

कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडमध्ये कलम ९२५ आहे. मुख्यतः तिथेच राहून काम करणाऱ्यावर दुसऱ्या राज्याचं कोर्ट किंवा कायदा लादला असेल, तर त्याला ती अट रद्द करून घेता येते. पण त्या अटीची बोलणी करताना तुमच्या बाजूने तुमचा वकील असेल, तर हे संरक्षण जातं!

मी इथेच अडकले आहे. वकिलाकडून करार नुसता वाचून घेतला तरी हा अपवाद लागतो, की त्याने कंपनीशी बोलणी केली तरच? आणि एचआरला ही अट काढायला कोणी सांगितलं आहे का? ऑफर तर गेली नाही ना?

शिवाय एडिसनच्या लीजचे सात महिने बाकी आहेत. अपार्टमेंटचं ऑफिस म्हणतं, सगळं भाडं भरा. दीड महिन्याचं डिपॉझिट त्यांच्याकडेच आहे.

प्रतिसाद:
ताई, लीजचं सांगतो. घाबरू नका. न्यू जर्सीत घरमालकाला नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या निकालापासून. रिकामं घर तसंच ठेवून सात महिन्यांचं भाडं मागता येत नाही. सोडायची तारीख ईमेलने कळवा, फोनवर नको. घर त्यांच्या साइटवर कधी टाकतात ते बघून स्क्रीनशॉट ठेवा, मीही तेच केलं होतं. आणि सॅन होजेत डिपॉझिट जास्तीत जास्त एका महिन्याचं, जुलै २०२४ पासून. फक्त मालकाच्या भाड्याच्या मालमत्ता जास्तीत जास्त दोन आणि सगळी मिळून चारपर्यंत घरं असतील तर दोन महिन्यांचं घेता येतं.

माझं उत्तर:
मनापासून आभार. ईमेल आत्ताच पाठवला. सॅन होजेच्या घरमालकीण बाई दोन महिन्यांचंच मागत आहेत. त्यांची एकूण किती घरं आहेत ते उद्या विचारते. कलम ९२५ चा कोणाला अनुभव असेल तर शुक्रवारच्या आत लिहा, प्लीज. रात्री कितीही उशिरा लिहिलंत तरी बघेन.