दाइजो-दाइजिन म्हणजे पंतप्रधान? छे, रिकामी खुर्ची!

जुनी दौत (धागाकर्ता)

परवा एक जपानी ऐतिहासिक मालिका बघत बसलो होतो. काळी टोपी घातलेले एक गृहस्थ डुलत डुलत आले आणि खाली सबटायटल उमटलं: 'पंतप्रधान'. मूळ शब्द दाइजो-दाइजिन. तिथेच माझी सटकली.

७०१ सालच्या ताइहो संहितेने जपानी दरबाराची उतरंड कागदावर आणली. वर दाइजो-कान, म्हणजे राज्याची मुख्य कचेरी. तिच्या माथ्यावर दाइजो-दाइजिन, त्याखाली सादाइजिन (डावा मंत्री) आणि उदाइजिन (उजवा मंत्री). यात डावा मोठा, बरं का. मग दाइनागोन आणि नंतर भर पडलेले चूनागोन, सांगी हे सल्लागार. हाताखाली आठ खाती. आता सर्वांत वरच्या पदाचं वर्णन काय, तर सम्राटाचा गुरू, चारी दिशांना आदर्श, यिन-यांगचा तोल सांभाळणारा. आणि असा माणूस मिळत नसेल तर पद रिकामं ठेवा! रोजच्या कामाचा एक शब्द नाही. असला पंतप्रधान कुठे असतो?

खरी सत्ता मिळायची ती मुलगी सम्राटाला देऊन आणि नातू गादीवर बसवून. १०१८ साली फुजिवारा नो मिचिनागाची (फुजिवारा हे दरबारातलं बडं घराणं) तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली. त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने ती प्रसिद्ध कविता म्हटली: हे जग माझंच आहे असं वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठे काही उणं नाही. त्या रात्री त्याच्याकडे पद कोणतं होतं? एकही नाही. राजप्रतिनिधीपद (सेश्शो) आदल्या वर्षी मुलाला देऊन टाकलं होतं. दाइजो-दाइजिनपद काही महिने मिरवून सोडलं होतं. माझं म्हणणं एवढंच: पदं शोभेची, नातं कामाचं. बोला.

कोकणकडा

सहमत नाही. खुर्ची शोभेची होती तर ८८७ साली मोतोत्सुने एका शब्दावरून रुसला कशाला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सम्राट उदा नुकताच गादीवर आला होता. सगळे कागद आधी फुजिवारा नो मोतोत्सुनेच्या नजरेखालून जावेत, असा हुकूम त्याने काढला. 'कांपाकू' या पदाचा उगम तो हाच. रिवाजाप्रमाणे मोतोत्सुनेने आधी नकार दिला. लग्नात दुसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय जिलबी घेत नाहीत, तसं. दुसरा हुकूम ताचिबाना नो हिरोमी या विद्वानाने लिहिला आणि त्यात 'अको' हा जुना चिनी किताब घातला. कुणीतरी मोतोत्सुनेच्या कानात सांगितलं, अहो, अको म्हणजे नुसता मान, काम काहीच नाही. झालं! गड्याने कागद बघायचेच सोडले. कारभार कित्येक महिने तुंबला. ८८८ मध्ये सम्राटाला स्वतःचा हुकूम मागे घ्यावा लागला.

एका शब्दासाठी राज्य अडतं, तिथे पद पोकळ कसं?

जुनी दौत

@कोकणकडा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! मोतोत्सुने ८८० पासून दाइजो-दाइजिन होताच. तुमच्या 'सर्वोच्च' पदावर बसलेल्या माणसाला आणखी एक पद हवं होतं, आणि तेही संहितेत नसलेलं. याचा अर्थ काय घ्यायचा?

पारावरचा

आपल्याकडे छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात. तोच प्रकार दिसतोय.

अर्धा चहा

@पारावरचा, नाही हो. पेशव्यांनी छत्रपतींच्या घरात मुली दिल्या नव्हत्या. फुजिवारांची सगळी मदार मुलींवर. वरवर सारखं दिसतं, यंत्र वेगळं.

आणि धागाकर्ते, तुम्ही दोघंही फक्त पुरुषांच्या खुर्च्या मोजताय. अंतःपुरात 'नाइशी नो कामी' नावाचं बाईचं पद होतं. सम्राटाकडे अर्ज पोचवायचा आणि त्याचा हुकूम बाहेर आणायचा, हे तिचं काम. नवव्या शतकाच्या सुरुवातीला या पदावर फुजिवारा नो कुसुको होती. पदत्याग केलेला सम्राट हेइझेई तिच्या मुठीत होता आणि गादीवर होता त्याचा धाकटा भाऊ सागा. म्हणजे सागाची गुपितं ज्या वाटेने जायची, त्या वाटेवर विरोधी गटाची बाई उभी. सागाने ८१० मध्ये काय केलं? 'कुरोदो-दोकोरो' ही नवी खाजगी कचेरी काढून हुकूम त्या दाराने न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी हेइझेईचा बेत फसला आणि कुसुकोने विष घेतलं.

ती कुणा सम्राटाची आजी नव्हती की आई नव्हती. तिची ताकद निम्मी हेइझेईच्या मर्जीत, निम्मी त्या दारात. त्या दारापुरतं तरी पद मोजा.

खर्डेघाशी

बावीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिचिनागाच्या १०१८ च्या चंद्रावर सगळे भाळतात. त्याआधीची वीस वर्षं कुणी बघत नाही. ९९६ ते १०१७ तो सादाइजिन होता. सम्राट सांजोने त्याला १०११ मध्ये कांपाकूपद देऊ केलं, त्याने घेतलं नाही. का? कारण कांपाकू झाला की मंत्रिमंडळाच्या बैठकीचं अध्यक्षपद सुटतं. सादाइजिन राहिला तर बैठक त्याच्या हातात राहते आणि 'नाइरान'च्या अधिकारामुळे सम्राटाकडे जाणारे कागदही आधी त्यालाच दिसतात. दोन्ही नळ एकाच हातात! गंमत म्हणजे लोक पुढे त्याला 'मिदो कांपाकू' म्हणू लागले, जे तो कधी झालाच नाही.

आता बैठक कशी चाले ते बघा. सर्वांत कनिष्ठ माणूस आधी बोलणार, मग त्यावरचा, ज्येष्ठ शेवटी. (साहेब आधी बोलले की खालच्यांचं मत काय होतं, हे मला विचारा.) एक सांगी बसून प्रत्येकाचं मत नावानिशी लिहून घ्यायचा. एकमत झालंच पाहिजे असं नव्हतं. मतभेदासकट कागद वर जायचा.

१०१९ ची गोष्ट. तोई नावाचे चाचे समुद्रातून आले, त्सुशिमा, इकी ही बेटं आणि क्यूशूचा उत्तर किनारा लुटला, हजारावर माणसं पळवून नेली. दाझाइफूच्या ठाण्यावरच्या फुजिवारा नो ताकाइएने त्यांना हुसकावलं. मग राजधानीत प्रश्न आला, लढलेल्यांना बक्षीस द्यायचं का? बैठकीतले किंतो आणि युकिनारी म्हणाले, द्यायचं नाही, कारण दरबाराचा हुकूम पोचण्याआधीच लढाई संपली होती. हुकमाशिवाय लढलात, तुमचं तुम्ही बघा! (हे वाचलं आणि मला आमच्या लेखा विभागाची आठवण झाली.) त्यावर दाइनागोन सानेसुके म्हणाला, आज बक्षीस दिलं नाही तर पुढच्या वेळी कोण लढेल? सोबत त्याने शंभरेक वर्षांपूर्वीचा दाखलाही काढला. बाकीच्यांचं मत फिरलं.

सानेसुकेने सम्राटाच्या घरात मुलगी दिली नव्हती. त्याच्याकडे होती ती खुर्ची आणि जुन्या नोंदींची पाठ.

जुनी दौत

@खर्डेघाशी, प्रतिसाद झकास. सानेसुकेपुरता मी गप्प. पण मिचिनागाला ती खुर्ची मिळाली कुणामुळे? ९९५ मध्ये दोघे थोरले भाऊ लागोपाठ वारले, तेव्हा पुतण्या कोरेचिका पुढे होता. त्याला मागे सारून मिचिनागाला आणला तो त्याच्या बहिणीने, सेन्शीने. ती सम्राट इचिजोची आई! फिरून नातंच.

खर्डेघाशी

दार बहिणीने उघडलं, मान्य. पण पहिला नातू झाला १००८ मध्ये. मधली तेरा वर्षं तो कुणाचा आजोबा होता?

कोकणकडा

एक शेवटचं. सुगावारा नो मिचिझाने, उदाइजिन, ९०१ मध्ये खोट्या आळावरून दाझाइफूला पाठवला गेला, ९०३ मध्ये तिथेच मेला. मग दरबारात मृत्यू सुरू झाले, त्याचा सूड म्हणून सगळे घाबरले. ९२३ मध्ये त्याला उदाइजिनपद परत दिलं. मेलेल्या माणसाला! तरी ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली, एक दाइनागोन जागीच गेला. ९९३ मध्ये सादाइजिन केलं. आख्यायिका अशी की तेवढ्यानेही त्याचा आत्मा नाराजच राहिला, म्हणून त्याच वर्षी दाइजो-दाइजिन.

पद पोकळ असेल तर भूत हटून कशाला बसेल?

जुनी दौत

तुम्ही म्हणालात ना, योग्य माणूस नसेल तर पद रिकामं ठेवायचं? नव्वद वर्षांपूर्वी मेलेला माणूस योग्य ठरला. यावर मी काय बोलू! सबटायटलवाल्यांना मात्र अजूनही माफी नाही.

खर्डेघाशी

'तुम्ही म्हणालात' नाही, ते तुम्हीच म्हणाला होतात. वर बघा. बाकी, मेल्यावरही सेवाज्येष्ठतेसाठी भांडणारा माणूस मला आपल्यातलाच वाटतो.