‘पडिक्कादवन’ कुणाला आठवतोय का? स्वतः न शिकता धाकट्यांना शिकवणाऱ्यांच्या आठवणी

सायन_कोळीवाडा

काल दादरहून येताना टॅक्सीवाल्याने येसुदासचं ‘ऊरत् तेरिंजिकिट्टेन’ लावलं आणि सायन येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रजनीकांतचा ‘पडिक्कादवन’ (म्हणजे ‘न शिकलेला’), १९८५ च्या दिवाळीतला. आपला अमिताभचा ‘खुद्दार’ (१९८२) तमिळमध्ये केलेला. थोरला भाऊ घरात नसताना त्याची बायको दोन सावत्र दिरांना बाहेर काढते. मधला टॅक्सी चालवून धाकट्याला कॉलेजात घालतो. धाकटा पैसेवाल्या घरात लग्न करून पाठ फिरवतो. शेवटी मधल्यावर खुनाचा आळ येतो आणि समोर न्यायाधीश कोण, तर थोरला भाऊ. थोरला शिवाजी गणेशन.

आमच्या चाळीत निम्मी घरं तमिळ. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणायचो. हा सिनेमा शेजारच्या अक्कांच्या खोलीत बघितला. अधूनमधून कॅसेट थांबवून अक्का मुंबईच्या हिंदीत गोष्ट समजावायच्या, तशी ती आम्हाला पाठच होती.

माझा दादा दहावी न करता परळच्या मिलमध्ये बदली कामगार लागला होता. ८२ च्या संपात ते काम गेलं. मग दुसऱ्याच्या टॅक्सीवर रात्रपाळी. त्या पैशांवर माझा डिप्लोमा चालला होता. धाकट्याचे कॉलेजातले प्रताप रजनीला कळतात, तिथे दादा उठून गॅलरीत गेला. अक्कांनी काही न बोलता कॅसेट थांबवली. खोलीत पंधरा-वीस माणसं, एकानेही ‘चालू करा’ म्हटलं नाही. दादा आला, भिंतीला टेकून बसला, मग पुढे सुरू.

अमिताभ तिथे पेटतो. रजनी आतून खचतो. मला आजही रजनीचंच खरं वाटतं, कारण आमच्या घरी चिडणारं कुणीच नव्हतं.

तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहा. सिनेमा हाच पाहिजे असं नाही.

पोळीभाजी

सकाळी सकाळी रडवलंत राव. कुकर लावून येते, मग लिहिते.

माटुंगा_पूर्व

एका सिनेमात दोन शिवाजी हो! रजनी म्हणजे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरातल्या मराठी घरातला, आधी बस कंडक्टर. आणि गणेशन यांचं नाव मुळात नुसतं गणेशन. द्रविड चळवळीतल्या अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी शिवाजी महाराज उभे केले, ते बघून त्याच चळवळीचे नेते पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि तेच नाव जन्मभर राहिलं. आमच्या अरोरा टॉकीजला तमिळ सिनेमे लागायचे तेव्हा वडील हे प्रत्येक वेळी सांगायचे, रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसालासुद्धा.

तंजावरची_सून

माझं सासर तंजावरच्या मराठी लोकांतलं. घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ. सासूबाईंचं दैवत शिवाजी गणेशन, त्या त्यांना नावाने कधीच हाक मारत नाहीत, ‘नडिगर तिलगम्’च म्हणतात, म्हणजे नटांमधला तिलक. त्यांचा रडायचा सिनेमा ‘वाळ्कै’, १९८४ चा. राजेश खन्नाचा ‘अवतार’ तोच. मुलं आईबापाला घराबाहेर काढतात आणि म्हातारा पुन्हा शून्यापासून उभा राहतो. सासूबाईंचं म्हणणं, खन्नाचा बाप अभिमानी आहे, गणेशनचा बाप दुखावलेला आहे. मी दोन्ही बघितले, मला पटलं.

‘पडिक्कादवन’मध्ये सुरुवातीचं मलेशिया वासुदेवनचं ‘ओरु कूट्टु किळियाग’ विसरू नका. गणेशन दोन लहान भावांना घेऊन आहेत आणि काय होणार ते आपल्याला आधीच माहीत आहे. संगीत इळैयराजा, अजून काय सांगू.

हडपसरकर

थोरले भाऊच का? मला ताईने शिकवलं. बाबा गेले तेव्हा ती अकरावीत. पिको-फॉल, ब्लाऊज, शाळेचे गणवेश. जूनमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायचं आणि त्या आवाजात मी अभ्यास करायचो. तिच्या तर्जनीच्या नखात एकदा सुई आरपार गेली होती. तिने फडकं गुंडाळलं आणि उरलेल्या चार बाह्या लावून मगच दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी गणवेश द्यायचे होते. माझ्या इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर पालक म्हणून तिची सही आहे. तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, काढायला हवा होता.

पोळीभाजी

@हडपसरकर ताईंना माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

जुनी_कॅसेट

‘खुद्दार’चा विषय निघाला आणि ‘अंग्रेजी में कहते हैं’ कुणीच म्हणेना? राजेश रोशन! दिग्दर्शक रवी टंडन, म्हणजे रवीनाचे वडील.

बाकी रजनीने अमिताभचे किती केले बघा. ‘डॉन’चा ‘बिल्ला’, ‘दीवार’चा ‘ती’, ‘त्रिशूल’चा ‘मिस्टर भारत’. त्या शेवटच्यात सत्यराज बाप आहे आणि प्रत्यक्षात तो रजनीपेक्षा चार वर्षांनी लहान.

माटुंगा_पूर्व

बाप लेकापेक्षा लहान 😄 आणि तरी बघताना खटकत नाही, हे सत्यराजचं मोठेपण.

वाशी_सेक्टर९

आमचा धाकटा ऑस्ट्रेलियात आहे. आई गेली तेव्हा व्हिडिओ कॉलवर होता. त्याला पाठवायला वडिलांनी गावचं शेत विकलं होतं. मी हा सिनेमा बघितलेला नाही आणि बघणारही नाही.

तंजावरची_सून

@वाशी_सेक्टर९ 🙏 नका बघू. इथे लिहिलंत ते बरं केलंत.

हडपसरकर

@वाशी_सेक्टर९ दादा, कधी बोलावंसं वाटलं तर मला निरोप टाका. रात्री उशिरापर्यंत जागाच असतो.

अंबत्तूर_रिटर्न

नोकरीनिमित्त चेन्नईत होतो, तमिळ शिकलो ते असल्याच सिनेमांतून. नाशिकला शिकवणी लावून जमलं नसतं. कौटुंबिक सिनेमात माणसं सावकाश आणि परत परत तेच बोलतात ना! ‘अण्णा’ (थोरला भाऊ), ‘तंबी’ (धाकटा), ‘मन्निच्चिडुंग’ (माफ करा) एवढ्यावर मी पहिला महिना काढला. आमच्या कँटीनवाल्याला ‘पडिक्कादवन’ अख्खा पाठ. रजनीच्या टॅक्सीचं नाव ‘लक्ष्मी’, म्हणून त्याने मोपेडवरसुद्धा तेच रंगवून घेतलं होतं.

@सायन_कोळीवाडा दादा कसे आहेत आता?

सायन_कोळीवाडा

मजेत. पुढे स्वतःची पद्मिनी घेतली होती त्याने. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तोपर्यंत त्याने गाडी कधीच काढून टाकली होती. पण त्या दिवशी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मला फोन करून गाडीचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. माझ्या मुलीला स्टिअरिंग धरायला त्यानेच शिकवलं. ती आता त्याला घेऊन फिरते, हा मागे बसून ‘क्लच, क्लच’ ओरडतो.

पोळीभाजी

आले. कुकरच्या नादात बरंच पुढे गेलात सगळे. माझी आठवण मोठी आहे, रात्री लिहीन, मुलं झोपल्यावर. तोवर एक विचारू का? त्या अक्का दिवाळीला मुरुक्कू, म्हणजे तमिळ चकल्या, करायच्या का? आमच्या शेजारच्या मामी करायच्या, तशी चव मला परत मिळाली नाही.

सायन_कोळीवाडा

करायच्या तर! डबा भरून यायचा, आमच्याकडून चिरोटे जायचे.

तंजावरची_सून

सासूबाईंचं प्रमाण घ्या: चार वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी भाजलेल्या उडदाचं पीठ, हिंग, जिरं, मीठ आणि लोणी. तेल नाही, लोणीच. पीठ मळून ठेवायचं नाही, लागेल तेवढंच भिजवायचं, नाहीतर लाल पडतात.

पोळीभाजी

लोणी वितळवून की तसंच?

तंजावरची_सून

तसंच, मऊ. पिठाला चोळून घ्यायचं, मग पाणी.