पालकसभा बंद करावी काय?

पाटीपेन्सिल: ‘प्रगतिपुस्तक घरी पाठवावे आणि पालकसभा कायमची बंद करावी’ हे सागरगोटे यांचे मत वाचून राहवले नाही. माझी मुलगी आधी मॉन्टेसरी पद्धतीच्या शाळेत होती. तिथे साधारण तीन वर्षांच्या अंतरातील वेगवेगळ्या वयांची मुले एकाच वर्गात असतात आणि ताई सहसा तीच राहते. त्यामुळे मुलगी कोणते काम पुन्हा पुन्हा निवडते, कुठे अडते, हे ताई निरीक्षणांच्या वहीतून दाखवत असत. नेहमीच्या शाळेतील पहिल्या सभेत मात्र मला तीन वाक्ये ऐकायला मिळाली आणि तिन्ही प्रगतिपुस्तकात होती. ही चूक शाळेची आहे. त्यासाठी सभा का मोडायची?

खडू-फळा: मी शिक्षक आहे, म्हणून हे बोचले. वर्गात चाळीस मुले असली आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तरी ४०० मिनिटे होतात, म्हणजे सलग सहा तास चाळीस मिनिटे. वरच्या इयत्तांच्या विषयशिक्षकाकडे असे पाच वर्ग असतात. वही कधी भरायची?

सागरगोटे: मग सभा हवीच कशाला? माझ्या मुलाला इतर पालकांदेखत उभे करून त्याचे गणिताचे गुण मोठ्याने वाचले गेले. तो वर्षभर त्या शिक्षकांशी बोलला नाही. निदान मुलाला तरी तिथे नेऊ नये.

सांजवेळ: हे मुळीच पटत नाही. काही शाळांत मूल स्वतः आपल्या वह्या उघडून काय जमले आणि काय राहिले ते सांगते, मोठी माणसे ऐकतात. माझा अबोल मुलगा अशाच भेटीत प्रथम म्हणाला की त्याला फळ्यावरचे नीट दिसत नाही. तो बाहेर बसला असता, तर आम्ही त्याला आळशीच समजत राहिलो असतो.

सागरगोटे: तुमच्या मुलाला बोलू दिले, माझ्या मुलाला गप्प उभे केले. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नका, मला त्याचा संताप येतो.

सांजवेळ: इतरांदेखत गुण वाचणे गैरच होते, हे मान्य. मूल नको, हे अजूनही अमान्य.

पाटीपेन्सिल: शिक्षक मुलाला किती ओळखतो, हा मूळ मुद्दा राहूनच गेला. १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या परंपरेत एकच वर्गशिक्षक आठ वर्षांपर्यंत मुलांसोबत असतो. ओळख जुनी असली की दहा मिनिटेही पुरतात.

खडू-फळा: आणि त्या शिक्षकाशी मुलाचे जमले नाही, तर आठ वर्षे काढायची? तरीही, दरवर्षी वर्ग बदलल्याने मुले कळेपर्यंत वर्ष सरते, एवढे मला मान्य करावे लागेल. पुढच्या सभेआधी निदान प्रत्येकाविषयी एक ओळ लिहून ठेवीन.