केम्पा: माणूसही, चालही

हँडबॉलमधलं 'केम्पा' हे चालीचं नाव की माणसाचं, या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. बर्नहार्ड केम्पा (1920-2017) हे जर्मनीतल्या ग्योपिंगेन शहराच्या फ्रिश आउफ क्लबचे खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक. 1952 आणि 1955 मध्ये मैदानी हँडबॉलचं विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या जर्मन संघात ते होते. 1960 चा युरोपियन कप क्लबने जिंकला तो त्यांच्याच हाताखाली. प्रशिक्षक म्हणून त्यांची थोरवी मला खेळाडूइतकीच मोठी वाटते.

चाल त्यांनी 1954 मध्ये स्वीडनविरुद्ध वापरली. गोलभोवतीच्या 6 मीटर रेषेच्या आत आक्रमकाचा पाय टेकला की फाऊल. पण रेषेबाहेरून उडी मारली तर आतली हवा मोकळी! साथीदार बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू उचलून देतो, उडालेला खेळाडू हवेतच झेलून, पाय टेकण्याआधी गोलवर मारतो.

फसतं ते बहुतेक वेळेच्या हिशेबात. झेलणारा आधी उडाला तर चेंडू येईपर्यंत तो खाली येऊ लागतो आणि फेकायला वेळ उरत नाही. पास सपाट आला तर बचावपटूच्या हातात जातो. म्हणून सरावात आधी बचावपटू नकोतच, चेंडूही लहान घ्या. पास माणसाकडे नको, रेषेच्या आतल्या ठरलेल्या जागेवर द्या.