अनुभव धागा : इंधनावरचा कर तुम्हांला कुठे आणि कसा जाणवला?

टोमॅटोचा टेम्पो, जुन्नर (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढवले आणि त्याच वेळी पंपावरचा दर बदलणार नाही, असेही जाहीर केले. दर तोच राहिल्यामुळे आमच्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ती बातमी वाचताना मे २०२० आठवला.

टाळेबंदीत भाजीपाल्याच्या गाड्यांना परवानगी होती आणि मी नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेत होतो. कच्च्या तेलाचा भाव जगभर कोसळला होता. भारत जे तेल घेतो, त्याचा सरासरी भाव एप्रिलमध्ये पिंपाला २० डॉलरच्या आसपास उतरला होता, त्यामुळे डिझेल आता उतरेल अशी आम्ही सगळे वाहतूकदार वाट पाहत होतो. ५ मेच्या रात्री पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढले. पंपावरचा आकडा हलला नाही, म्हणून कोणी ओरडही केली नाही. १ जूनला राज्याने अधिभार (टक्केवारीच्या कराखेरीज लिटरमागे घेतली जाणारी ठरावीक रक्कम) २ रुपयांनी वाढवला आणि ७ जूनपासून जवळजवळ रोज सकाळी दर चढू लागले. शेतकऱ्यांशी हंगामाचे भाडे आधीच ठरलेले होते; त्यांच्या मालाला तेव्हा उठाव नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे वाढीव भाडे मागण्याचे धाडस मला झाले नाही. तो सगळा फरक मी सोसला.

२०१४ च्या मे महिन्यात डिझेलवरचे केंद्राचे शुल्क लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होते आणि मे २०२० मध्ये ते ३१ रुपये ८३ पैशांवर गेले. कर देण्याला माझी ना नाही. तेल महागले की दर वाढणार, हे मी धंद्यात गृहीत धरतो. पण तेल उतरल्यावर तो फरक माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच करात जमा होतो, हे मला आजही पटत नाही. तुम्हांला हा कर कुठे जाणवला, ते कृपया सविस्तर लिहावे.

परभणीकर

मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी होती. आमच्या परभणीत ती त्याआधीच ओलांडून झाली होती. मनमाडच्या इंधन डेपोपासूनचे अंतर मोठे असल्याने आमच्याकडे वाहतुकीचा खर्च वाढतो आणि राज्यातील सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचे नाव दरवेळी छापून येते.

माझा अनुभव मात्र अधिभाराचा आहे. ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये लावले. दुष्काळ मराठवाड्याचा होता, त्यामुळे मी ते पैसे मनापासून दिले आणि इतरांनाही तेच सांगितले. २०१६ चा पावसाळा चांगला झाला. त्यानंतर अधिभाराचा आकडा कधी खाली आला, कधी वर गेला, पण अधिभार राहिलाच, आणि २०२५ मध्येही पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कराखेरीज (व्हॅट) लिटरमागे ५ रुपये १२ पैसे होतेच. आमच्या नावाने घेतलेल्या रकमेचे पुढे काय झाले, हे आम्हांला तरी कोणी समजावून सांगायला हवे होते.

जुलै २०२४ मध्ये करकपात झाली, ती मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी होती. तिथले दर पेट्रोलवर २६ आणि डिझेलवर २४ टक्के होते, ते उर्वरित महाराष्ट्राइतके, म्हणजे २५ आणि २१ टक्के झाले. त्यामुळे आमच्या दरात काहीही फरक पडला नाही.

सह्याद्रीपायथा, सावंतवाडी

आमच्याकडे याचे उत्तर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, गोव्यात आहे. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला, तेव्हा बांद्यापासून सावंतवाडीपर्यंतची प्रत्येक दुचाकी काही ना काही निमित्त काढून गोव्यात जाऊन येत होती. पुढे तिथला करही टप्प्याटप्प्याने वाढला, पण आजही गोव्यात पेट्रोल आमच्यापेक्षा बरेच स्वस्त आहे. सीमेजवळचे आमचे पंपमालक त्यामुळे हवालदिल झालेले मी पाहिले आहेत. कर जास्त ठेवून राज्याला त्या विक्रीतून काहीच मिळत नसेल, तर तो कर नक्की कोणाच्या उपयोगाचा आहे?

नवापूरची माहेरवाशीण

आमच्या नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे बहुतेकांना माहीत असते. पेट्रोलचेही तसेच आहे. माझे भाऊ गाडी कायम पलीकडेच भरतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र पुण्यात राहायला आल्यावर पहिल्यांदा पेट्रोल भरताना धक्का बसला होता.

पंपचालक, सोलापूर जिल्हा

वर पंपमालकांचा उल्लेख आला आहे, म्हणून लिहितो. दर वाढला की लोक आमच्याकडे रागाने पाहतात; मात्र आम्हांला मिळते ते लिटरमागे ठरलेले कमिशन, आणि कर आमच्या हातून जात असला तरी तो आमचा नसतो.

३ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, केंद्राने शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी केल्याचे जाहीर केले. ग्राहकांना आनंद झाला आणि तो योग्यच होता. आमच्या जमिनीखालच्या टाक्यांमध्ये मात्र जुन्या शुल्काने, आगाऊ पैसे भरून घेतलेला माल होता, जो सकाळपासून नव्या दराने विकावा लागला. सणाची विक्री जास्त होईल म्हणून आम्ही साठा वाढवून ठेवला होता. २१ मे २०२२ रोजी पुन्हा शनिवारी संध्याकाळी पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी झाले, आणि रविवारसाठी भरून ठेवलेल्या मालावर तसाच तोटा आला. माझ्यासारख्या एकाच पंपावर घर चालवणाऱ्याला तो भरून काढायला फार काळ लागला. ३१ मे २०२२ रोजी देशातल्या अनेक राज्यांतील पंपचालकांनी एक दिवस माल न उचलण्याचा निर्णय घेतला, त्यात मीही होतो. कर कमी करू नका, असे आमचे कधीच म्हणणे नव्हते. साठ्यावर भरलेल्या शुल्काचा विचार व्हावा, अशी मागणी होती.

टोमॅटोचा टेम्पो, जुन्नर (धागाकर्ता)

पंपचालकदादा, ही बाजू मला खरोखर माहीत नव्हती. त्या दिवाळीत मी टाकी पूर्ण भरून घेतली होती.

निवृत्त कर अधिकारी

मी राज्याच्या कर खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे थोडे वेगळे लिहितो.

मुंबईत पेट्रोलचा २०२५ मधला दर १०३ रुपये ५० पैसे धरला, तर त्यात केंद्राचे २१ रुपये ९० पैसे आणि राज्याचे सुमारे २५ रुपये, म्हणजे एकूण सुमारे ४५ टक्के कर होता. राज्याचा टक्केवारीचा कर केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे वाहनधारक करावरही कर देतो. मे २०२२ मध्ये केंद्राच्या कपातीपाठोपाठ राज्याने पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे कपात जाहीर केली. मुंबईतील त्या वेळचे कराचे दर घेऊन ८ रुपयांचे २६ टक्के आणि ६ रुपयांचे २४ टक्के काढून पाहावेत. बरोबर तेच आकडे येतात. म्हणजे शुल्क उतरल्यावर जो कर आपोआप कमी होणार होता, तोच कपात म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्ष कपात जुलै २०२२ मध्ये झाली, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये.

आता राज्याची अडचणही सांगायला हवी. केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. बाकीचे विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर होते. राज्यांना वाटून मिळतो तो भाग त्या १ रुपया ४० पैशांतूनच, आणि त्यातही सगळ्या राज्यांचा मिळून वाटा ४१ टक्के, म्हणजे लिटरमागे ५७ पैसे. वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्याच्या स्वतःच्या हातात इंधन, मद्य, मुद्रांक आणि वाहन कर एवढेच मोठे स्रोत उरले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूविक्री बंद झाली आणि ती तूट भरायला पेट्रोलवरचा अधिभार ३ रुपयांनी वाढवला गेला. दारूच्या उत्पन्नातली तूट दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याने का भरावी, हा प्रश्न मला नोकरीत असतानाही छळत असे.

कोळीवाडा, रायगड

यांत्रिक नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो, हे बाहेरच्या लोकांना फारसे माहीत नसते. आम्ही आधी पूर्ण दराने डिझेल घेतो आणि परतावा मागाहून येतो, पण तो कधी येईल ते सांगता येत नाही. मधल्या काळात व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते आणि मग मासळी त्यालाच, त्याच्या भावाने द्यावी लागते. मार्च २०२२ मध्ये घाऊक खरेदीदारांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले आणि मच्छीमार संस्थांचे पंप घाऊक धरले गेले, तेव्हा माझे वडील कॅन घेऊन रस्त्यावरच्या पंपावर जात होते. सवलत वेळेवर हातात पडली नाही, तर तिचा उपयोग सावकारालाच होतो.

एसटीची प्रवासी, बीड

माझ्याकडे कोणतेही वाहन नाही, तरीही लिहिते, कारण हा विषय केवळ वाहनधारकांचा आहे असे मला वाटत नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि त्यामागे डिझेलचा खर्च हे एक कारण होतेच. मी शाळेत शिकवायला रोज एसटीने जाते आणि माझ्याबरोबर मजुरीला जाणाऱ्या बायका असतात. त्या महिलांसाठीच्या अर्ध्या तिकिटावर प्रवास करतात, पण मुलगा किंवा नवरा बरोबर असला की फरक लगेच जाणवतो. मोठ्या मोटारीत बसणारा आणि एसटीत उभा राहणारा यांच्या डिझेलवर लिटरमागे कर सारखाच आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या डिझेलवर राज्याला वेगळा विचार करता येणार नाही का?

रिक्षाचालक, ठाणे

ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा आम्ही स्टँडवर पेढे वाटले होते. त्याच महिन्यात गॅसचाच दर वाढला आणि ती सवलत त्यात गेली. तरीही मी म्हणेन की कर कमी झाला नसता, तर आणखी वाईट झाले असते.

ऊस आणि घरचा ट्रॅक्टर, शिरोळ

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्यातले काही आमच्याच उसातून येते, याचा अभिमान आहे. मात्र मोटारसायकल पूर्वीपेक्षा कमी अंतर धावते, असा माझा अनुभव आहे, आणि दर तर पूर्ण पेट्रोलचाच द्यावा लागतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा मिश्रित इंधनाला करसवलत द्यावी असे सुचवलेले होते. पंपावर ती अजून दिसलेली नाही.

बर्मिंगहॅमहून

इथे २०२५ मध्ये लिटरमागे इंधन शुल्क ५२.९५ पेन्स होते आणि शुल्कासह होणाऱ्या किमतीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो, म्हणजे करावर कर इथेही आहे आणि एकूण किमतीतला कराचा वाटा तेव्हा निम्म्याहून जास्त होता. फरक असा, की शुल्काचा दर अर्थसंकल्पात जाहीर होतो, देशभर एकच असतो, आणि मार्च २०२२ मध्ये दिलेली ५ पेन्सची सवलत पुढे चालू ठेवायची की नाही यावर संसदेत उघड चर्चा होत आली. मिळकतीच्या मानाने पाहिले, तर माझ्या सांगलीतल्या भावाला टाकी भरणे माझ्यापेक्षा कितीतरी जड जाते. त्यामुळे केवळ टक्केवारीची तुलना करून भारतातला कर योग्य आहे असे म्हणणे मला चुकीचे वाटते.

परभणीकर

अधिकारी साहेब, पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा करात का आणत नाहीत, तेही कृपया लिहावे.

निवृत्त कर अधिकारी

घटनेच्या कलम २७९अ मध्ये त्याची सोय आधीपासून आहे. तारीख वस्तू व सेवा कर परिषदेने सुचवायची आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हा विषय १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत आला होता आणि सध्या ती वेळ नाही असे ठरले. माझ्या मते केंद्र आणि राज्ये या एका बाबतीत मनाने एकत्र आहेत, कारण हवा तेव्हा दर बदलण्याची मोकळीक दोघांनाही सोडायची नाही. परवडणार नाही हे कारण मी समजू शकतो. अशा वेळी निदान कच्चे तेल अमुक भावाच्या खाली गेले तर कर एवढाच राहील, असा नियम आधी लिहून ठेवता येईल, म्हणजे धागाकर्त्यांसारख्या वाहतूकदाराला हंगामाचे भाडे ठरवताना काही आधार मिळेल.

पंपचालक, सोलापूर जिल्हा

ग्राहकाच्या पावतीवर कराची फोड छापली जात नाही. मी या आठवड्यात दरफलकाच्या शेजारी आमच्या पंपावरची केंद्राची आणि राज्याची रक्कम वेगवेगळी लिहून लावणार आहे. साहेब, राज्याच्या रकमेत कमिशन धरून टक्के काढायचे की वगळून, एवढे मला सांगा, म्हणजे आकडा चुकणार नाही.