वेदभूषण झालं, आता पुढे? पाठशाळा की संस्कृत विद्यापीठ?

गोदाकाठची आई (पंचवटी)

नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. पाच वर्षं त्र्यंबकेश्वरजवळच्या एका पाठशाळेत राहून यंदा उज्जैनच्या वेद बोर्डाची वेदभूषण परीक्षा पास झाला. शुक्ल यजुर्वेद, माध्यंदिन शाखा. आमचं घर भिक्षुकीचं नाही, मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. मुंजीच्या वेळी आलेल्या गुरुजींचं ऐकून त्यालाच गोडी लागली. आता सुटीत घरी आला की जेवतानाही उजवा हात मांडीवर स्वराप्रमाणे वरखाली होत असतो. ताटातलं निवतं, पण त्याचं आवर्तन थांबत नाही.

आता घरात दोन मतं आहेत. सासरे म्हणतात, पाठशाळेतच पुढची दोन वर्षं काढून वेदविभूषण करू दे. मिस्टर म्हणतात, संस्कृत विद्यापीठात घाला, डिग्री मिळेल. मला भीती याची की सरकारचे नियम सारखे बदलतात. आज चालणारा कागद मुलगा बावीस वर्षांचा होईल तेव्हा चालेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सिन्नरफाटा

ताई, कागदाची काळजी नको. वेदभूषण दहावीला आणि वेदविभूषण बारावीला समकक्ष आहे. भारतीय विश्वविद्यालय संघानं २०२२ मध्ये या बोर्डाला मान्यता दिली. त्या पत्राची प्रत फाइलमध्ये लावून ठेवा. पण त्याला इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर आत्ताच अकरावी सायन्सला घाला, बारावीला फिजिक्स नसेल तर पुढे अडतं.

आचार्य_इंदिरानगर

ताई, मी स्वतः शास्त्री, आचार्य आणि शिक्षाशास्त्री (म्हणजे संस्कृतातलं बी.ए., एम.ए. आणि बी.एड.) केलं आहे, आज कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. नोकरीसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कॉलेजातल्या क्लार्कनं माझं शास्त्रीचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे बी.ए. आहे कशावरून?" समकक्षतेचं पत्र आणायला मला अकरा दिवस हेलपाटे घालावे लागले. तुमची भीती मला कळते.

पण माझ्या डोळ्यांदेखत काय झालं ते सांगतो. मी शिकलो ते राष्ट्रीय संस्कृत संस्थान १९७० साली एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झालं. २००२ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं आणि २०२० च्या कायद्यानं केंद्रीय संस्कृत विद्यापीठ. त्याचा परिसर आता आपल्या नाशिकलाही आहे. दर पायरीवर सरकारनं काही मागितलं आणि संस्थेनं ते दिलं. सेमिस्टर आली, क्रेडिट आली, इंग्रजी आणि संगणक आला, शिक्षाशास्त्री एकाची दोन वर्षांची झाली, प्रवेशाला सीयूईटी ही विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर शास्त्री चार वर्षांपर्यंत गेली. यातलं एकही वाईट म्हणणार नाही. संस्कृतवाल्यांनी नकार दिला असता तर माझ्यासारख्यांची पोरं आज त्याच क्लार्कपुढे उभी असती.

हे आजचंही नाही. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या पैशातून इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेत मिसळून पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. संस्था टिकली, मोठी झाली, पण पाठशाळा म्हणून उरली नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, कागदाचं विचारूच नका, संथा, म्हणजे गुरूमागून म्हणायचा पाठ, किती वाजता असते ते विचारा. तुमचा मुलगा पुरुषसूक्त म्हणताना 'सहस्रशीर्खा' म्हणत असेल. माध्यंदिन शाखेत 'शीर्षा'तला 'ष' असा 'ख'सारखा उच्चारतात. हे उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, क्रेडिटमध्ये मोजता येत नाही. गुरू म्हणतो, शिष्य तेच पुन्हा म्हणतो, एवढ्यावरच ते राहतं. माझं ते शास्त्रीच्या दुसऱ्या वर्षी सुटलं. पहाटेच्या आवर्तनाच्या वेळेला असाइनमेंट आल्या, आणि मीही म्हटलं, परीक्षा झाली की बघू. आज रुद्र पुस्तक समोर ठेवून म्हणतो. दहा वर्षांचा होतो तेव्हा पुस्तक लागत नव्हतं.

मालेगावकर_शिक्षक

ताई, मी मदरशात गणित शिकवतो. आमच्याकडे हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ, करणाऱ्या मुलांच्या आयांचा अगदी हाच प्रश्न असतो. २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा एकाच ओळीत वगळल्या, तेव्हापासून आपण एकाच बाकावर बसलोय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदवी आणि पदव्युत्तर पातळीच्या पदव्या मदरसा बोर्डाला देता येणार नाहीत म्हणून सांगितलं, कारण पदवी देणं हे यूजीसी कायद्याखाली येतं. शिकून झालेल्या मुलांच्या हातातल्या कागदाचं काय, हे त्या घरांना विचारा. अलीगढच्या विद्यापीठानं मदरशातल्या मुलांसाठी ब्रिज कोर्स काढला, तसा एखादा पूल हवा. डिग्री विद्यापीठाचीच घ्या. पाठ मात्र आचार्य म्हणतात तसा वेगळा सांभाळा. आमची हाफिज झालेली मुलं कॉलेजात गेली तरी रोज फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर, एक पारा (कुराणाचा तिसावा भाग) म्हणतात, नाहीतर रमजानपर्यंत विसरतात.

गोदाकाठची आई (पंचवटी)

सगळ्यांचे आभार. आज मुलाला हे वाचून दाखवलं. 'शीर्खा' ऐकून तो एकदम सरळ बसला, म्हणाला, त्यांना कसं माहीत?

ठरलं असं की पाठशाळेत वेदविभूषण पूर्ण करायचं, त्याच वेळी सीयूईटीचा अभ्यास, आणि मग शास्त्री. पाठशाळेच्या गुरुजींना फोन केला. विद्यापीठात गेल्यावर संथा कशी चालणार, हे विचारलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहाटे साडेचारला मी उठलेलोच असतो. एसटी मिळत नसेल तर फोनवर म्हणू दे, मी ऐकीन."

आचार्य, तुम्हीही करून बघा ना फोन एखाद्या गुरुजींना.